पहिल्या पोकेमॉनच्या दफ्तराची फेरतपासणी

मीरा रोड-भाईंदरच्या गृहसंकुलांत ज्यांचे बालपण 2003 नंतरच्या पाच-सात वर्षांत गेले, त्यांच्यापैकी पुष्कळांना एक कोडे ठाऊक असते आणि त्याचे उत्तर मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉनची मालिका त्या साली आपल्याकडे सुरू झाली. चिप्सच्या पाकिटांतून निघणारे टॅझो इमारतीच्या जिन्यांत आणि शाळेच्या बसमध्ये हातोहाती फिरू लागले. आणि पुढे यथावकाश, ज्या खेळापासून हा सारा पसारा उत्पन्न झाला तो मूळ खेळ घरच्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर येऊन दाखल झाला. त्या खेळात विरिडियन नावाच्या गावी एक म्हातारा प्राणी पकडण्याचा पाठ देतो. तो पाठ घेऊन, लगेच उडत सिनाबार बेटावर जाऊन, त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून पोहत राहिले, तर ज्याला धड आकार नाही असा एक विस्कटलेला ठोकळा प्राणी म्हणून समोर उभा राहतो, आणि त्याच क्षणी थैलीतील सहाव्या वस्तूची संख्या एकदम 128 ने वाढते. म्हाताऱ्याचा पाठ, बेटाचा एकच किनारा आणि नेमकी सहावी वस्तू, यांचा परस्परांशी संबंध तो काय?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवला असता 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात प्रसिद्ध झालेल्या ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘पोकेमॉन ग्रीन’ या जोडखेळांच्या थेट अंतरंगात जाऊन पोहोचता येते. या खेळांविषयी बोलणारे लोक बहुधा दोन पंथांचे असतात. एका पंथाला त्यांत बालपणीचे सुवर्णयुग दिसते, तर दुसरा पंथ त्यांतील चुकांची यादी वाचून दाखवून हसतो. मला दोन्ही पंथ आळशी वाटतात. कारण चुकांची बेरीज करण्यापूर्वी त्यांची वर्गवारी करावी लागते, आणि जागेच्या टंचाईपोटी घडलेली चूक व निव्वळ हलगर्जीपोटी घडलेली चूक या दोहोंना एकाच कलमाखाली शिक्षा देणे न्यायाचे नव्हे.

आठ हजार बाइटांचे दफ्तर

हा खेळ ज्या यंत्रासाठी रचला गेला ते निन्टेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’ 1989 सालचे होते. त्याचा पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा आणि त्यावर रंगांच्या नावाने केवळ चार छटा. खेळ चालू असताना चालू घडामोडी टिपून ठेवण्यासाठी यंत्रापाशी असलेली मेमरी 8,192 बाइटांची होती. बाइट म्हणजे आठ खुणांचा एक रकाना. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, आणि त्या आठांच्या जुळणीतून 0 ते 255 या दरम्यानचा कोणताही एक आकडा लिहिता येतो. 255 च्या पुढे गेल्यास रकाना पुन्हा 0 वर येतो, आणि 0 मधून 1 वजा केल्यास 255 उमटतात. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे कामाला येणार आहे.

एवढ्या जागेत खेळाचा कारभार कसा चालत असेल, हे समजण्यासाठी एखाद्या लहानशा सज्यातील तलाठ्याचे दफ्तर डोळ्यांसमोर आणावे. एकच कपाट, वह्या मोजक्या, प्रत्येक वहीतील रकाने आधीच आखलेले, आणि कोरा कागद म्हणून एकही नाही. अशा तलाठ्याला घटकाभरासाठी काही टिपून ठेवावयाचे झाले, तर जी वही या क्षणी कोणी उघडणार नाही अशी त्याची खात्री असते तिच्या पानावर तो पेन्सिलीने ते लिहितो आणि काम झाले की विसरतो. पुढच्या गावाचे काम निघाले की त्या पानावर नवी नोंद चढते, आणि जुनी आपोआप नाहीशी होते. पद्धत काटकसरीची आहे आणि शंभरांत नव्व्याण्णव वेळा निर्धोकही आहे.

हा खेळ रचणारी ‘गेम फ्रीक’ ही मंडळी प्रारंभी, 1983 साली, व्हिडिओ खेळांविषयी एक हौशी नियतकालिक काढीत असे. 1989 साली तिची कंपनी झाली, आणि 1990 च्या सुमारास मांडलेली या खेळाची कल्पना मूर्त होण्यास सहा वर्षे लागली. तिचे प्रवर्तक सातोशी ताजिरी हे तोक्योच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना कीटक गोळा करण्याचा नाद होता. शेते आणि तळी बुजवून तेथे इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कीटकही गेले, आणि गोळा करण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना यंत्रात तरी मिळावा ही खेळामागची त्यांची प्रेरणा. ज्यांनी नवघर, गोडदेव, मिरे या गावांची शेते आणि भोवतीची मिठागरे इमारतींच्या रांगांत विरघळताना पाहिली, आणि 2002 साली नगरपालिकेची महानगरपालिका झालेली पाहिली, त्यांना माचिदाची हकिकत परकी वाटण्याचे कारण नाही. खाडीच्या चिखलातील निवट्या आणि खेकडे पकडणाऱ्या पोरांची पिढी आणि पिकाचू पकडणाऱ्या पोरांची पिढी यांच्यात येथे अंतर पडले ते फार तर वीस वर्षांचे.

म्हातारा, किनारा आणि सहावी वस्तू

आता कोड्याकडे वळू. आपल्याकडे जी पोहोचली ती अमेरिकेत सप्टेंबर 1998 मध्ये निघालेली इंग्रजी आवृत्ती, आणि पुढील विवेचन तिच्याविषयीच आहे.

विरिडियनचा म्हातारा जेव्हा पाठ देतो तेव्हा पडद्यावर खेळाडूच्या नावाच्या जागी त्याचे नाव दिसणे आवश्यक असते. परंतु नावासाठी रकाना एकच. तेव्हा खेळाडूचे खरे नाव काही क्षण अन्यत्र हलवावे लागते, आणि ते ज्या वहीत हलवले जाते ती असते ‘या मुलखातील गवतात कोणकोणते प्राणी भेटतात’ याची वही. गावात गवत नाही, म्हणून या क्षणी ती वही कोणी उघडणार नाही, हा तलाठ्याचा हिशेब. पाठ संपल्यावर नाव मूळ जागी परत येते, पण वहीतील नक्कल पुसली जात नाही. खेळाडू चालत पुढच्या रानात गेला असता तेथील प्राण्यांची यादी तिच्यावर चढून ती नाहीशी झाली असती. तो उडत सिनाबार बेटावर गेल्यामुळे तसे होत नाही. त्या बेटावर गवताची यादीच नाही, म्हणून जुने पान जसेच्या तसे राहते.

राहिला किनारा. बेटाच्या पूर्वेकडील किनाऱ्याचे चौकोन अर्धे जमिनीचे आणि अर्धे पाण्याचे चितारलेले आहेत. प्राणी भेटावा की न भेटावा हे ठरवताना प्रोग्राम चौकोनाचा एक कोपरा पाहतो आणि त्यास पाणी समजतो. कोणता प्राणी भेटावा हे ठरवताना तो दुसरा कोपरा पाहतो आणि त्यास जमीन समजतो. परिणामी पाण्यात पोहणाऱ्या खेळाडूसाठी गवताची वही उघडली जाते, आणि तीत प्राण्यांची यादी नसून खेळाडूचे नाव असते. त्या नावातील एक अक्षर प्राण्याची पातळी म्हणून आणि पुढचे अक्षर प्राण्याची जात म्हणून, असे एकाआड एक वाचले जाते. इंग्रजी अक्षरांचे आकडे या खेळात 128 पासून पुढे आहेत. म्हणूनच जेथे 100 ही पातळीची कमाल मर्यादा, तेथे 128 च्या वरच्या पातळीचे प्राणी अवतरतात, आणि कोणत्या मुलाला कोणता प्राणी भेटेल हे त्याने आपले नाव काय ठेवले यावर अवलंबून राहते. शेजारच्या मुलाला दिसलेला प्राणी आपल्याला का दिसत नाही, या वादाचे उत्तर त्या मुलांच्या नावांतच होते.

आणि तो विस्कटलेला ठोकळा? खेळाच्या पोटातील प्राण्यांची मूळ यादी 190 जागांची आहे. त्यांपैकी 151 भरल्या गेल्या, आणि बाकीच्या 39 जागा, रचनेच्या ओघात वगळलेल्या प्राण्यांच्या मागे, रिकाम्या राहिल्या. त्या सर्वांवर ‘मिसिंगनो’ अशी एकच पाटी लावलेली आहे. अशा रिकाम्या जागेचा क्रमांक पुकारला गेला, की चित्राच्या ठिकाणी मेमरीत पडलेले भलतेच काही उचलून चित्र म्हणून मांडले जाते.

सहाव्या वस्तूचा खुलासा तर याहून रमणीय आहे. जो प्राणी एकदा दिसला त्यापुढे टिचकी मारण्यासाठी खेळात 151 खुणांचा एक तक्ता आहे. एका बाइटात आठ खुणा या हिशेबाने तो 19 बाइटांत मावतो. या तक्त्याच्या हिशेबात मिसिंगनोचा क्रमांक 0. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्याने प्रोग्राम प्रत्येक क्रमांकातून 1 वजा करतो, आणि 0 मधून 1 गेल्यावर उरतात 255. आता 255 व्या स्थानाची खूण शोधावयाची म्हणजे तक्त्याच्या आरंभापासून 31 बाइट ओलांडून पुढल्या बाइटाची शेवटची खूण गाठावयाची. तक्ता तर 19 बाइटांतच संपलेला. त्याच्या पुढे खेळाडूच्या थैलीची वही सुरू झालेली, आणि त्या वहीत नेमक्या त्या ठिकाणी सहाव्या वस्तूची संख्या लिहिलेली असते. बाइटातील त्या शेवटच्या खुणेचे मोल 128. तलाठ्याने आपल्या वहीची हद्द न पाहता टिचकी मारली, आणि ती शेजारच्या वहीत जाऊन उमटली, एवढीच ही किमया! वस्तूंची संख्या आधीच 128 वा अधिक असेल तर ती खूण अगोदरच मारलेली असते आणि काहीच घडत नाही. ‘दुसऱ्यांदा का वाढत नाही’ असे विचारणाऱ्यांनी हेही समजून घ्यावे.

> चौकट : गवतात कोण भेटते?
> प्रत्येक मुलखातील गवताच्या यादीत दहा जागा असतात. प्राणी भेटण्याची वेळ आली की 0 ते 255 मधील एक आकडा यदृच्छेने निघतो. पहिल्या दोन जागांच्या वाट्याला 256 पैकी प्रत्येकी 51 आकडे, तिसरीच्या वाट्याला 39, पुढील तिघींच्या वाट्याला प्रत्येकी 25, नंतरच्या दोघींना 13-13, नवव्या जागेला 11, आणि दहाव्या जागेला फक्त 3. एकच प्राणी अनेक जागा अडवू शकतो. गुहेत पावलोपावली झुबॅट का भेटतो आणि दुर्मीळ प्राणी तासन्‌तास का भेटत नाही, याचे कारण या वाटपात आहे.

काटकसरीतून आलेले ऐश्वर्य

अशा चुकांना मी गुन्हा मानावयास तयार नाही. कारण ज्या काटकसरीतून त्या उद्भवल्या तिच्यातूनच या खेळातील उत्तमोत्तम गोष्टी निर्माण झाल्या आहेत.

दोन पिकाचू एकाच पातळीचे असले तरी त्यांचे बळ तंतोतंत सारखे नसते, ही गोष्ट त्या काळच्या खेळांत विरळाच होती. त्यासाठी खर्ची पडले अवघे दोन बाइट. हल्ला, बचाव, वेग आणि ‘विशेष’ शक्ती या चार गुणांसाठी 0 ते 15 असा एकेक जन्मजात आकडा, आणि पाचव्या गुणासाठी, म्हणजे प्राणशक्तीसाठी, जागा नाही म्हणून तिचा आकडा या चारांपैकी कोणते सम आणि कोणते विषम यावरून काढावयाचा. दोन बाइटांत 65,536 प्रकारचे पिकाचू! 1999 साली पुढचे खेळ आले तेव्हा नर-मादी हा भेद आणि क्वचित आढळणारा वेगळ्या रंगाचा प्राणी या दोन्ही गोष्टी याच जुन्या आकड्यांतून काढल्या गेल्या. ज्या अडचणीने ही युक्ती सुचवली तिचे आभारच मानले पाहिजेत.

म्यू या 151 व्या प्राण्याची कथा अशीच आहे. चाचणीसाठी ठेवलेली साधने अखेरीस काढून टाकल्यावर कार्ट्रिजमध्ये सुमारे 300 बाइट मोकळे झाले, आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने त्या फटीत म्यू बसवून दिला. हा प्राणी खेळात सरळ मार्गाने मिळावा अशी तजवीजच नव्हती. पुढे ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकामार्फत 20 जणांना म्यू देण्याची योजना 1996 मध्येच जाहीर झाली, तेव्हा सुमारे 78 हजार अर्ज आले. बंदरावरील जहाजाशेजारच्या एका ट्रकखाली म्यू लपला आहे, ही अफवा मग देशोदेशीच्या मुलांत पसरली. ट्रक खरोखर आहे. त्याखाली काहीही नाही.

जेथे क्षमा नाही

आता दुसऱ्या वर्गाकडे वळतो.

खेळातील प्राणी पंधरा जातींत विभागलेले आहेत. पाणी आगीवर मात करते, आग गवतावर, आणि असे हे चक्र. या चक्रात मनोबलाची, म्हणजे ‘सायकिक’ जात कीटक आणि भूत या दोघांनाच भिते, असे खेळातलेच एक पात्र सांगते. दूरचित्रवाणीवरील मालिकेतही तिचा नायक ॲश सायकिक प्राणी बाळगणाऱ्या सब्रीनाशी सामना करण्याकरिता मुद्दाम हॉन्टर हे भूत मिळवावयास जातो. ते पाहून ज्या मुलाने खेळात तोच डाव टाकला असेल त्याच्या भुताचा वार निष्फळ ठरला असेल; कारण गुणाकाराच्या कोष्टकात जेथे ‘दुप्पट’ लिहावयाचे तेथे ‘शून्य’ लिहिले गेले आहे. आणि हे शून्य नसते तरी फारसे काही साधले नसते. या कोष्टकाने ज्याची मात्रा ठरते असा भूतजातीचा वार साऱ्या खेळात एकच, ‘लिक’, आणि त्याचे बळ 20. शिवाय भूतजातीचे तिन्ही प्राणी विषारीही असल्याने सायकिक वारापुढे ते स्वतःच दुप्पट घायाळ होतात. कीटकांचे वारही असेच पांगळे. अशा रीतीने एका जातीला जवळजवळ शत्रूच उरला नाही.

त्यात भर पडली ‘विशेष’ या एकाच आकड्याची. तो हल्ल्यासाठीही वापरला जातो आणि तशाच हल्ल्यापासून बचावासाठीही, म्हणून ज्याचा तो मोठा त्याची तलवार आणि ढाल दोन्ही एकदम मजबूत. अलाकझाम आणि म्यूटू या सायकिक प्राण्यांची सद्दी या एका रकान्यावर उभी आहे. येथे जागेची अडचण होती असे म्हणता येईल; पण कोष्टकातील शून्याच्या जागी दोन लिहावयास एक बाइटदेखील अधिक लागत नव्हता.

‘फोकस एनर्जी’ ही चाल याहूनही केविलवाणी आहे. मर्मी घाव बसण्याचा संभव वाढावा म्हणून खेळाडूने आपली एक पाळी खर्च करून ती वापरावयाची. यंत्राच्या द्विमान अंकपद्धतीत आकडा एक घर डावीकडे सरकवला की तो दुप्पट होतो आणि उजवीकडे सरकवला की निम्मा. प्रोग्राममध्ये तो चुकीच्या दिशेने सरकवला गेला, आणि जो संभव वाढावयाचा तो चौथाईवर आला. मर्मी घावाचा हा संभव मुळात प्राण्याच्या वेगावर बसवलेला असल्याने गोष्टी आणखी बिघडतात. पर्शियन हे चपळ मांजर ‘स्लॅश’ ही चाल वापरते तेव्हा 256 पैकी 255 वेळा घाव मर्मी बसतो. मग बाकीच्यांनी लढावे तरी कशाला?

तिसरी चूक अतिसूक्ष्म आहे, आणि तिने अनेकांना हकनाक हरवले असेल. जी चाल कधीच चुकू नये अशी अपेक्षा आहे तिचा नेम 255 असा नोंदलेला आहे. नेम बसला की नाही हे पाहण्यासाठी 0 ते 255 मधील एक आकडा काढून तो या नेमाहून लहान आहे का असे विचारले जाते. ‘लहान किंवा तितकाच’ असे विचारले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. पण तसे विचारले नाही, आणि म्हणून 256 मध्ये एकदा, स्वतः 255 हाच आकडा निघाला की, अचूक चालही हुकते.

या तिन्ही गोष्टींत तलाठ्याला कागद कमी पडला असे म्हणावयास जागा नाही. लिहिलेले कोणी पडताळून पाहिले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. सहा वर्षे चाललेल्या कामात एखाद्याने भुताला सायकिक प्राण्यासमोर एकदा उभे करून पाहिले असते तरी पुरे होते. 1999 सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत ‘विशेष’चे हल्ला आणि बचाव असे दोन रकाने झाले, भुतांचे शून्य दुरुस्त झाले आणि दोन नव्या जाती घालून सायकिक जातीला वेसण बसली. रचनाकारांनीच ही एक प्रकारे दिलेली कबुली होय.

केबलच्या दुसऱ्या टोकाला

रेड आणि ग्रीन असे दोन खेळ काढण्यामागील हेतू विक्रीचा होताच. तथापि त्यात एक सामाजिक तत्त्वही होते. काही प्राणी एका खेळात भेटतात, काही दुसऱ्यात. आरंभी तिघांतून एकच निवडता येतो. आणि कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर व हॉन्टर हे चौघे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, केबलवाटे, गेल्याखेरीज पूर्णत्वाला पोहोचतच नाहीत. गेम बॉयची केबल पाहून तिच्यावरून कीटक सरपटत पलीकडे जात आहेत असे चित्र ताजिरी यांच्या मनात उभे राहिले होते, असे सांगतात.

भाईंदरच्या मुलाकडे मात्र केबल नव्हती, कारण बहुधा गेम बॉयच नव्हता. संगणकावर एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामात तो एकटा खेळत बसे (त्या प्रतीची कायदेशीर बाजू कोणी तपासली नाही, आणि तपासली असती तर तो खेळलाच नसता). त्याचा हॉन्टर जन्मभर हॉन्टरच राहिला. खालच्या मजल्यावरचा मित्र तोच खेळ खेळत असूनही दोघांना जोडणारी तार नव्हती. येथे टॅझोंची देवाणघेवाण रोज होत होती, पण जो खेळ मुळात देवाणघेवाणीसाठीच रचला गेला त्यात ती होत नव्हती. यास्तव आपल्याकडील एका पिढीने पहिल्या पोकेमॉनविषयी केलेले मत अर्ध्याच खेळाविषयीचे आहे, असे मला वाटते. सायकिक जातीची दादागिरी एकट्याने संगणकाशी खेळताना विशेष बोचत नाही. ती बोचते मित्राशी झुंजताना. आणि अदलाबदलीचे अगत्य तर एकट्याला केवळ अडवणूक भासते.

27 फेब्रुवारी 2016 रोजी, वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, हे जुने खेळ निन्टेंडोच्या नव्या यंत्रावर पुन्हा विक्रीस आले. केबलच्या जागी बिनतारी जोडणी आली; भुतांचे शून्य मात्र जसेच्या तसे ठेवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे अवतरले आणि जिओची दुकाने त्यातील थांबे झाली. त्या खेळात अदलाबदल 2018 च्या जूनमध्ये आली, ती या अटीवर की दोघे खेळाडू परस्परांपासून 100 मीटरांच्या आत असले पाहिजेत. मीरा रोडला एवढ्या अंतरात किती बिऱ्हाडे मावतात हे तेथे राहणाऱ्यास सांगावयास नको. ‘पोकेमॉन गो’मध्ये 2020 पासून कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर यांची अदलाबदल केल्यास त्यांची पुढची अवस्था फुकट मिळते, आणि ज्याला कोणाला भेटावयाचे नसेल त्यास 100 कँडी मोजून ती एकट्यानेही मिळवता येते. 1996 साली जी सक्ती होती तिची अशी सवलत झाली. माझे मत विचारल्यास, सक्तीच बरी होती; फक्त केबल येथवर पोहोचावयास हवी होती.